पाहिलेले आणि समजलेले वेगळे कसे ठेवावे

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी सहामाही कामाचा अहवाल सादर करत होतो. समोर बसलेल्या वरिष्ठ मॅडमनी पहिल्या पाचएक मिनिटांतच मनगटावरील घड्याळाकडे पाहिले, थोड्या वेळाने पुन्हा पाहिले, आणि मी चौथ्या पानावर बोलत असताना त्यांनी अहवालाची मागची पाने चाळायला सुरुवात केली. त्या कंटाळल्या आहेत हे माझ्या लक्षात आले. निदान त्या वेळी मला तसे ठामपणे वाटले. मी उरलेली सहा पाने दोन मिनिटांत उरकली आणि "बाकीचा तपशील अहवालात आहेच" असे म्हणून फाइल मिटली. दोन दिवसांनी खरी हकिकत कळली. त्याच दुपारी चार वाजता त्यांची वरच्या पातळीवर बैठक होती, तीत त्यांना आमच्या अहवालातील तालुकावार खर्चाचा तक्ता मांडायचा होता, तो कोठे आहे हे पाहण्यासाठी त्या पाने उलटत होत्या आणि मी वेळेत तेथवर पोहोचतो की नाही या काळजीने घड्याळ पाहत होत्या. तो तक्ता मी गाळलेल्या सहा पानांत होता. बैठकीत त्यावर प्रश्न आला तेव्हा त्यांच्याजवळ उत्तर नव्हते.

या प्रसंगात मी प्रत्यक्ष पाहिले ते एवढेच होते: दोनदा घड्याळाकडे गेलेली नजर आणि उलटलेली काही पाने. कंटाळा मला दिसलेला नव्हता, तो मी पदरचा घातला होता. घाई, काळजी, उत्सुकता, डोकेदुखी असे कितीतरी अर्थ शक्य असताना मी कंटाळाच का निवडला, याचे उत्तर मॅडमच्या वागण्यात सापडत नाही. ते माझ्या लहानपणात सापडते, कारण "हा एकदा बोलायला लागला की थांबत नाही" हे वाक्य आमच्या घरी पाहुण्यांसमोर कौतुकाने आणि एरवी वैतागाने म्हटले जाई. आंतरव्यक्तिक संवादाच्या अभ्यासात ज्याला आकलन आणि ज्याला स्वसंकल्पना म्हणतात, ती दोन्ही अशी एकमेकांत गुंतलेली असतात. दुसऱ्याच्या वागण्याचा आपण जो अर्थ लावतो, तो पुष्कळदा आपण स्वतःविषयी काय मानतो त्यातून आलेला असतो. हा अर्थ आपल्या हातून काही घडण्यापूर्वी कसा पकडावा, समोरच्याला न दुखवता कसा तपासावा आणि त्याच्या मुळाशी कसे जावे, हे पुढे लिहिले आहे.

कॅमेऱ्याला काय दिसले असते

आकलनात तीन गोष्टी घडतात आणि त्या इतक्या झटपट घडतात की आपल्याला ती एकच वाटते. आधी आपण समोरच्या शेकडो गोष्टींतून काही मोजक्या निवडतो, मग त्या एकमेकींना जोडतो आणि त्यानंतर त्या जोडणीला अर्थ देतो. मॅडमच्या हातात पेन्सिल होती आणि त्या समासात बारीक खुणा करत होत्या, हे मला नंतर त्या प्रतीवर दिसले. खोलीत असताना ती पेन्सिल माझ्या डोळ्यांसमोर असूनही माझ्या निवडीत आली नाही, कारण कंटाळलेल्या माणसाच्या चित्रात पेन्सिलला जागा नव्हती.

निवडीवर आपल्या बाजूचा किती पगडा असतो, याचा एक जुना दाखला अमेरिकेतील आहे. नोव्हेंबर 1951 मध्ये डार्टमथ आणि प्रिन्स्टन या दोन शिक्षणसंस्थांच्या संघांत फुटबॉलचा एक फार धसमुसळा सामना झाला आणि दोन्हीकडचे खेळाडू जखमी झाले. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या संशोधकांनी त्या सामन्याचे चित्रीकरण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले, आणि 1954 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक ते प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. चित्रफीत एकच होती आणि खोटे कोणीही बोलत नव्हते. घरातील भांडणात दोघेही "मी स्वतः पाहिलंय" असे शपथेवर सांगतात, तेव्हा दोघेही बहुधा खरेच सांगत असतात.

म्हणून पहिला सराव कागदावर करावा. दिवसभरात मनाला लागलेला एक प्रसंग घ्यावा, पानावर मधोमध उभी रेघ ओढावी, डावीकडे लग्नाच्या चित्रीकरणातील कॅमेऱ्याला जे टिपता आले असते तेवढेच लिहावे आणि बाकी सारे उजवीकडे. "वहिनी तुसडेपणाने बोलल्या" हे वाक्य डावीकडे चालणार नाही. "वहिनी 'बरं' एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला" हे चालेल. "त्याने मुद्दाम उशीर केला" यातील उशीर डावीकडे राहील, तोही मिनिटांत, आणि "मुद्दाम" उजवीकडे जाईल. सुरुवातीला डावी बाजू दोन ओळींत संपते आणि उजवी बाजू पान भरून वाहते, हे पाहून अस्वस्थ वाटते. ती अस्वस्थता उपयोगाची आहे. "नेहमी", "कधीच", "मुद्दाम", "दाखवायला" आणि "आहेच मुळी तसा" हे शब्द डावीकडे सापडले की तेथे अर्थ घुसला आहे असे समजावे.

या कामात मराठीने आपल्या हाती एक उत्तम हत्यार दिले आहे, ते म्हणजे "वाटणे" हे क्रियापद. "त्या रागावल्या होत्या" आणि "त्या मला रागावलेल्या वाटल्या" या दोन वाक्यांत आकलनाचा सारा धडा आला. पहिल्यात राग त्यांच्याकडे आहे. दुसऱ्यात तो मला वाटलेला आहे आणि म्हणून तपासता येण्याजोगा आहे. "मला राग आला", "मला वाईट वाटलं" या वाक्यांतही भावना माझ्यापाशी येते आणि कोणावर दोष न ठेवता सांगता येते. "तू मला दुखावलंस" असे म्हटले की समोरचा आधी स्वतःचा बचाव करू लागतो. आपली भाषा हा भेद इतका सहज करते, तरी भांडताना आपण "वाटलं" टाकून "होतास" वर जातो. पंधरा दिवस निदान मनातल्या मनात हे क्रियापद जागेवर ठेवण्याचा प्रयत्न करून पाहावा.

स्वभावाला औषध नाही, पण परिस्थितीला असते

अर्थ लावताना सर्वांत मोठी चूक होते ती कारण ठरवताना. दुसऱ्याच्या हातून काही चुकले की आपण ते त्याच्या स्वभावावर घालतो आणि स्वतःच्या हातून तेच चुकले की रस्त्यातील गर्दी, कामाचा ताण, अपुरी झोप अशी कारणे आपल्याला सहज आठवतात. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं" ही म्हण याच खोडीवर बोट ठेवते. फ्रिट्झ हायडर यांनी 1958 मध्ये या कारणमीमांसेचा पाया घातला आणि स्वभावाला अवाजवी वजन देऊन परिस्थितीकडे डोळेझाक करण्याच्या प्रवृत्तीला ली रॉस यांनी 1977 मध्ये कारणमीमांसेतील मूलभूत चूक असे नाव दिले.

या बाबतीत एक अभ्यास आपल्या जवळचा आहे. जोन मिलर यांनी 1984 मध्ये म्हैसूर येथील हिंदू आणि शिकागो येथील अमेरिकन लोकांची तुलना प्रसिद्ध केली. ओळखीच्या माणसाने केलेल्या एखाद्या कृतीचे कारण विचारले असता अमेरिकन प्रौढ प्रामुख्याने त्या माणसाचा स्वभाव सांगत, तर म्हैसूरचे प्रौढ नाती, जबाबदाऱ्या आणि परिस्थिती यांचा उल्लेख अधिक करत. लहान मुलांत हा फरक फारसा नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे परिस्थिती पाहण्याची सवय शिकता येते. माझे स्वतःचे निरीक्षण मात्र असे आहे की ही उदारता आपण आपल्या माणसांसाठी राखून ठेवतो. भावाला उशीर झाला तर वाटेत काय झाले असेल याची काळजी वाटते आणि नव्या जावयाला उशीर झाला तर त्याच्या घरच्या वळणाची चर्चा सुरू होते.

पहिली छाप हा याच चुकीचा सख्खा भाऊ आहे. सॉलोमन अ‍ॅश यांनी 1946 मध्ये एका गटाला एका अनोळखी व्यक्तीचे वर्णन बुद्धिमान, कष्टाळू, उतावळा, टीकाखोर, हट्टी आणि मत्सरी अशा क्रमाने ऐकवले आणि दुसऱ्या गटाला तेच सहा शब्द उलट क्रमाने. पहिल्या गटाचे मत स्पष्टपणे अधिक चांगले झाले. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे, पण माणूस हा एकाच आचेवर शिजलेला भात नव्हे.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो चिकाटीने करावा लागतो. उजवीकडच्या रकान्यात जो अर्थ प्रथम उतरला, त्याच्याखाली आणखी दोन अर्थ लिहावेत आणि त्यांपैकी एक तरी असा असावा की ज्यात माझा काहीही संबंध नाही. सून पानावर बसलेली आहे, सासूबाईंनी आमटीचा पहिला भुरका घेतला, त्या काही न बोलता उठल्या आणि मिठाचा डबा घेऊन आल्या. पहिला अर्थ तयारच असतो: "माझा स्वयंपाक यांना कधीच पसंत नाही." दुसरा अर्थ असा असू शकतो की आमटी खरोखरच अळणी झाली आहे आणि बोलून दाखवण्यापेक्षा उठून मीठ आणणे त्यांना सौम्य वाटले. तिसरा अर्थ असा की औषधांमुळे त्यांच्या तोंडाची चव गेली आहे. यांपैकी खरा कोणता हे कागदावर ठरणार नाही, त्यासाठी विचारावेच लागेल. पण तीन अर्थ समोर असलेला माणूस ज्या आवाजात विचारतो, त्या आवाजात एकच अर्थ धरून बसलेला माणूस विचारू शकत नाही.

विचारावे कसे

संवादकौशल्याच्या पाठ्यपुस्तकांत समज तपासण्याची तीन पायऱ्यांची रीत सांगितलेली असते: जे पाहिले ते सांगावे, त्याचे दोन संभाव्य अर्थ पुढे ठेवावेत आणि खरे काय ते विचारावे. रीत चांगली आहे, परंतु ती जशीच्या तशी मराठीत आणली तर पोलीस चौकशीसारखी ऐकू येते, विशेषतः वडीलधाऱ्यांपुढे. आपल्याकडे मोठ्यांना त्यांच्या वागण्याचे कारण विचारणे म्हणजे जाब विचारणे असा अर्थ सहज होतो. म्हणून तिन्ही पायऱ्या राखून त्यांची बोली बदलावी लागते.

वरच्या प्रसंगात सुनेने "तुम्ही मीठ का आणलंत?" असे विचारले तर शब्द साधे असूनही त्यात धार आहे, कारण "का" हा प्रश्न उत्तराबरोबर समर्थनही मागतो. त्याऐवजी ती म्हणू शकते, "आई, मीठ घेतलंत ना, आमटी अळणी झालीय का, की तुमच्या तोंडाला चव नाहीये?" यात पाहिलेली गोष्ट आहे, दोन अर्थ आहेत आणि दोहोंपैकी कोणताही मान्य केला तरी सासूबाईंचा मान राहतो. हे फार महत्त्वाचे आहे. तपासणीच्या प्रश्नात दिलेले दोन्ही पर्याय असे हवेत की समोरच्या माणसाला ते न लाजता स्वीकारता येतील. "रागावलात की माझ्याशी बोलायचंच नाही?" यात दोन पर्याय आहेत खरे, पण दोन्ही आरोप आहेत.

वरिष्ठांना विचारताना अर्थ त्यांच्या मनाबद्दल न लावता कामाबद्दल लावावा. "सर, मसुदा तुम्हाला आवडला नाही का?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणे त्यांना अवघड जाते, "सर, मसुदा तुम्ही बाजूला ठेवलात, नंतर सवडीनं पाहणार आहात, की मी काही बदल करून आणू?" याचे उत्तर एका वाक्यात मिळते. नवराबायकोत आणि जवळच्या मित्रांत उलट अडचण असते. तेथे आपण मन ओळखतो असा ठाम समज असतो आणि "काय झालंय तुला?" या प्रश्नाला "काही नाही" हे ठरलेले उत्तर असते. अशा वेळी पाहिलेली गोष्ट जितकी बारीक सांगावी तितके चांगले: "आल्यापासून तू दोनदा खिडकीशी जाऊन उभा राहिलास. थकलायस, की ऑफिसात काही झालंय?" आपल्याकडे कोणी इतके लक्ष देऊन पाहिले आहे हे कळल्यावरच पुष्कळ माणसे मोकळी होतात.

विचारल्यानंतर उत्तर पूर्ण ऐकावे आणि आपल्या शब्दांत परत सांगावे. "म्हणजे मी आधी कळवलं नाही, याचं तुम्हाला वाईट वाटलं, असंच ना?" या एका वाक्याने निम्मे गैरसमज तेथेच मिटतात असा माझा अनुभव आहे. चारचौघांत, जेवणाच्या पानावर चौथा पाहुणा बसलेला असताना, किंवा समोरचा दारात चपला घालत असताना विचारू नये. योग्य प्रश्न चुकीच्या वेळी विचारला तर तोही टोमणाच ठरतो.

लेखी निरोपांबाबत अधिक सावध राहावे. एलिझाबेथ न्यूटन यांनी 1990 मध्ये स्टॅनफर्ड येथे केलेल्या प्रयोगात काही जणांना ओळखीच्या गाण्यांची लय टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली आणि ऐकणाऱ्यांना गाणे ओळखायचे होते. वाजवणाऱ्यांना वाटत होते की निम्म्या वेळा गाणे ओळखले जाईल; प्रत्यक्षात 120 पैकी केवळ 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात संपूर्ण चाल घुमत असते, ऐकणाऱ्याच्या कानावर नुसती टकटक पडते. व्हॉट्सअ‍ॅपवर "ठीक आहे" असे लिहिताना आपल्या मनातील हसरा सूर त्या दोन शब्दांबरोबर जात नाही, आणि वाचणारा त्यात स्वतःच्या मनःस्थितीचा सूर भरतो. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर आले नाही, तर डाव्या रकान्यात "निरोप उघडला गेला" एवढेच लिहिता येते. महत्त्वाचा विषय असेल तर फोन करावा.

येथे एका प्रचलित समजाविषयी सांगणे आवश्यक आहे. प्रशिक्षणवर्गांत असे सांगितले जाते की संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38 टक्के आणि देहबोलीचा 55 टक्के असतो. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधील प्रयोगांतून आले आहेत. ते प्रयोग आवड आणि नावड यांसारख्या भावना सुट्या शब्दांतून, सुरातून आणि चेहऱ्यावरून कशा ओळखल्या जातात यापुरते होते. सर्व संवादाला ते लागू करणे चुकीचे आहे आणि धोक्याचेही, कारण त्या भरवशावर माणसे शब्दांत विचारायचे सोडून चेहरे वाचत बसतात. मीही तेच केले होते.

स्वतःविषयीचे चित्र कोठून आले

चार्ल्स हॉर्टन कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1902 मध्ये "आरशातील स्व" ही कल्पना मांडली. मी दुसऱ्याला कसा दिसत असेन याची मी कल्पना करतो, तो माझ्याविषयी काय मत करत असेल याचीही कल्पना करतो आणि त्यावरून मला अभिमान किंवा शरम वाटते. यातील पहिल्या दोन्ही पायऱ्या कल्पनेच्या आहेत, म्हणजे आपल्याला घडवते ते लोकांचे मत नसून त्यांच्या मताविषयीचा आपला अंदाज असतो. तो अंदाज चुकला आणि आपण त्याप्रमाणे वागलो, तर तो खराही होऊन बसतो. रॉबर्ट मर्टन यांनी 1948 मध्ये याला स्वतःच खरे ठरणारे भाकीत म्हटले. आपले बोलणे लोकांना नकोसे होते असे मानून मी भराभर गुंडाळत गेलो, त्यामुळे माझी मांडणी अपुरी राहू लागली, आणि अपुरी मांडणी ऐकून लोक खरोखरच कंटाळू लागले.

हे चक्र तोडण्यासाठी स्वतःचे चित्र आधी डोळ्यांसमोर आणावे लागते. कून आणि मॅकपार्टलंड यांनी 1954 मध्ये "मी कोण आहे?" या प्रश्नाची वीस उत्तरे लिहून घेण्याची पद्धत वापरली होती. घरी करताना दहा वाक्ये पुरेत. "मी आई आहे", "मी नाशिकची आहे" अशी नात्यांची आणि ठिकाणांची वाक्ये आधी येतात. "मी गणितात कच्ची आहे", "मी तापट आहे" अशी वाक्ये मागून येतात आणि आपल्याला तीच हवी आहेत. अशा प्रत्येक वाक्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: हे प्रथम कोणी म्हटले, मी तेव्हा किती वर्षांची होते, आणि गेल्या वर्षभरात याच्या विरुद्ध काय घडले. घराचे बजेट पंधरा वर्षे पैशापैशाने जुळवणारी बाई सातवीतील एका शेऱ्यावरून स्वतःला गणितात कच्ची मानत असते, हे कागदावर आल्याशिवाय तिचे तिलाच दिसत नाही.

जे आपल्याला दिसत नाही पण इतरांना दिसते, त्यासाठी माणूसच लागतो. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी 1955 मध्ये मांडलेल्या "जोहरी खिडकी"च्या, म्हणजे आपल्याविषयी आपल्याला आणि इतरांना काय ठाऊक आहे व काय नाही हे दाखवणाऱ्या आकृतीच्या, चार कप्प्यांपैकी हा एक. खिडकीचे नावही या दोघांच्याच नावांवरून पडले आहे. हा कप्पा उघडायचा असेल तर "मी कसा आहे?" असे विचारू नये, कारण त्यावर भिडेपोटी गोड उत्तर मिळते. प्रश्न लहान आणि ठरावीक प्रसंगाचा असावा: "कालच्या बैठकीत मी कोठे घाई केली?" उत्तर आले की खुलासा न करता आभार मानावेत. खुलासा केला की पुढच्या वेळी कोणी खरे सांगत नाही.

मुलांशी बोलताना हे सारे उलट्या बाजूने लागू होते, कारण तेथे आरसा आपण असतो. "आळशी आहेस" या दोन शब्दांत आपण उजवा रकाना मुलाच्या हाती देतो आणि मूल तो वर्षानुवर्षे जपून ठेवते. "आज दप्तर भरलं नाहीस" हे डाव्या रकान्यातील वाक्य आहे. त्यावर उपायही लगेच करता येतो.

या पद्धतीची एक मर्यादा स्पष्ट लिहून ठेवतो. कोणी वारंवार अपमान करत असेल, धमकावत असेल किंवा हात उगारत असेल, तर तेथे पर्यायी अर्थ शोधत बसू नये. डाव्या रकान्यात तीच नोंद पुन्हा पुन्हा येऊ लागली की ती गैरसमजाची खूण उरत नाही. ती नोंद तारखांसह जपून ठेवावी आणि विश्वासातील माणसाला दाखवावी.

सहा महिन्यांनी पुढचा अहवाल घेऊन मी त्याच मॅडमसमोर बसलो. तिसऱ्या पानावर त्यांची नजर घड्याळाकडे गेली आणि माझा आवाज आपोआप खाली येऊ लागला. मी थांबलो आणि म्हणालो, "मॅडम, तुम्ही घड्याळ पाहिलंत. वेळ कमी आहे, की एखादा मुद्दा आधी घेऊ?" त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अकरावं पान आधी घ्या. आणि सावकाश सांगा, मला लिहून घ्यायचं आहे."